खांद्याची सोनोग्राफी

टेंभरीत रोवणी लागायच्या आधीच बाया रुखमाबाईशी गोड बोलू लागायच्या. वडशापासून थोडं आत, वैनगंगेच्या अंगाला असलेलं हे धानाचं गाव, आणि रुखमाबाईच्या पाळीत, तिच्या रोवणाऱ्या बायांच्या टोळीत, जागा मिळाली की लावणीचं काम लवकर उरकतं हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. ती ओळीच्या उजव्या टोकाला उभी राही. एकदा वाकली की बांधी, म्हणजे धानाचा तो तुकडा, संपेपर्यंत ताठ होत नसे. मागं पडलेल्या बाईच्या वाटणीचं दोन हात रोवूनही देई, पण तोंडानं तिला सोडत नसे. "काऊन वो, चिखलात अंडे घालून राह्यली का?" असं ती ओरडली की सगळी ओळ खिदळायची, आणि ती बाई रडकुंडीला येऊन हात उचलायची.

पऱ्ह्याच्या पेंड्या फेकाव्यात तर तिनंच. रोपांची जुडी बांधलेली असायची, ती घेऊन उजवा हात डोक्यामागं न्यायची आणि अशी सोडायची की पेंडी पार पलीकडच्या धुऱ्याजवळच्या बाईच्या पायाशी जाऊन पडे. गडीमाणसंसुद्धा थांबून बघत.

नवरा पत्रू काविळीनं गेला तेव्हा मुलगी उर्वशी नुकती रांगायला लागली होती. तेव्हापासून रुखमाबाई त्याच घरात राहिली. अंगण एक, चुली दोन. दुसऱ्या चुलीवर धाकटा दीर लटारू, त्याची बायको शेवंता आणि त्यांची मुलगी वनिता. उर्वशी आणि वनिता एका वयाच्या. वनिताच्या डाव्या डोळ्यात लहानपणी फूल पडलं होतं. तिला बघायला आलेले पाहुणे चहा पीत, पोहे खात, आणि जाताना ओसरीतून झाडू घेऊन जाणाऱ्या उर्वशीकडे बघून विचारत, "हे कोणाची पोरगी होय?" शेवंता हसून उत्तर द्यायची आणि कपबशा घासायला बसायची.

दोन हजार चार सालच्या रोवणीत, काम शेवटाला आलं असताना, हरिदासच्या ट्रॅक्टरची ट्रॉली बायांना घेऊन परतत होती. रुखमाबाई कडेला उभी होती, उजव्या हातानं वरचा लोखंडी दांडा धरून. पांदण रस्त्याच्या मोरीवर ट्रॉलीनं गचका दिला, चिखलाचे पाय घसरले आणि ती बाहेर लटकली. खाली चाक होतं. हात सोडला असता तर चाकाखाली गेली असती, म्हणून तिनं सोडला नाही. सगळं अंग त्या एका हातावर झोकांडत राहिलं. खांद्याच्या आत जुनं लुगडं फाटावं तसं काहीतरी टरकलेलं तिला ऐकू आलं. बायांनी बोंब मारली, हरिदासनं ब्रेक दाबला.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. मलम दिलं, गोळ्या दिल्या. पण हात काही वर जाईना. कोपरापासून खाली सगळं ठीक. भाकर थापता यायची, मीठ चिमटीत धरता यायचं. कमरेच्या वर हात न्यायचा म्हटलं की खांदा मुळी ऐकतच नसे. केस विंचरायला उर्वशी लागायची.

"हाड मोडलं नाई तं दुखते काऊन?" शेवंता अंगणातून विचारायची. विचारताना आवाज असा ठेवायची की शेजारच्या घरातही जावा.

धान कापून खळ्यावर आलं तेव्हा माणसं कमी पडू लागली. रुखमाबाई डाव्या हातानं केर ओढत होती. लटारू भारे उतरवून घामेजून उभा होता. त्याला अचानक काय वाटलं कोण जाणे.

"वयनी, हात द्या बरं इकडं."

तिनं दिला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि हात हळूहळू वर उचलला. खांद्याच्या वर गेला, आणखी वर गेला, दंड कानाला टेकला. रुखमाबाईनं दात ओठात रुतवले होते, पण हात गेला खरा.

"पाहा!" लटारू खळ्यावरच्या सगळ्यांना ओरडून म्हणाला. "जाते का नाई वरतं? मी उचलला तं जाते, अन् हिनं उचलला तं नाई जात!"

त्यानं हात सोडून दिला. तो भिजलेल्या पोत्यासारखा खाली पडला आणि रुखमाबाई खाली बसली. लोक हसले. ज्यांना ती वर्षानुवर्षं चिखलात हसवत आली होती, तीच माणसं. त्या दिवसापासून गावात तिचं नाव नाटकवाली पडलं.

तिला स्वतःलाही कळत नव्हतं. दुसऱ्यानं उचलला तर जातो आणि आपण उचलला तर जात नाही, हे काय आहे? एकटी असताना ती हाताकडे बघून त्याला दम द्यायची, "ऊठ ना रे मुडद्या." कधीकधी तिला वाटायचं, आपण खरंच ढोंग करतो की काय.

दिवाळीनंतर उर्वशीची सुपारी फुटली. नदीपलीकडचा मुलगा, आदेश. वडशाच्या राइस मिलमध्ये कामाला. बाप नव्हता, काका श्रीहरी घर चालवायचा. लग्न उन्हाळ्यात धरलं. रुखमाबाईनं पाहुण्यांसमोर हात पदराखाली झाकून घेतला होता. आई लुळी आहे, पोरीला तिचं करावं लागेल, असं त्यांच्या मनात यायला नको होतं.

पौषात वडशाला हाडांच्या डॉक्टरचं शिबिर झालं. डॉक्टरनं तिचा हात उचलून पाहिला, सोडून पाहिला, आणि म्हणाला, "एक्स-रेत हाड दिसतं बाई, आतली नस नाही दिसत. ब्रह्मपुरीला जा. खांद्याची सोनोग्राफी करून आणा."

सोनोग्राफी हा शब्द टेंभरीला माहीत होता, पण त्याचा पोटाशिवाय दुसरा अर्थ कोणाला माहीत नव्हता. रुखमाबाईनं शेवंताला बरोबर चल म्हणून विनवलं. घरचं कोणी सोबत असलं म्हणजे बरं, असं तिला वाटलं.

ब्रह्मपुरीच्या त्या केंद्राबाहेर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' असा मोठा बोर्ड होता. आत बाकावर सगळ्या पोटुशा बाया. त्यांच्यात पांढऱ्या कपाळाची रुखमाबाई, पदराखाली दुखरा हात पोटाशी धरून बसलेली. आणि समोरच्या बाकावर सुनेला घेऊन आलेली आदेशची आत्या.

"अवो बाई, तुमी इथी?" आत्यानं विचारलं.

"असंच," रुखमाबाई म्हणाली. "आली होती जराशी."

आत्याची नजर पदरावरून पोटाकडे गेली. तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

डॉक्टर आफ्रीन चंद्रपूरच्या एका कापडवाल्याची मुलगी, नुकती शिकून आलेली. खोलीत अंधार होता. रुखमाबाई खाटेवर आडवी व्हायला लागली तर डॉक्टरीण म्हणाली, "झोपायचं नाही मावशी. या स्टुलावर बसा." आणि शेवंताला, "तुम्ही पण या, मदत लागेल."

खांद्यावर थंडगार जेली लावली. आधी तळहात वर करून हात मांडीवर ठेवायला सांगितला. मग कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला. पडद्यावर करड्या-काळ्या पट्ट्या हलत होत्या.

"आता कासोटा खोचता ना मावशी, तसा हात मागं न्या."

तो जाईना. "तुम्ही जरा यांचं मनगट मागं धरून ठेवा," डॉक्टरीण शेवंताला म्हणाली. शेवंतानं धरलं. रुखमाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"झालं, झालं. हात खाली लोंबत असला की ही नस हाडाच्या छपराखाली लपते. मागं नेला की बाहेर येते. आता बघा." तिनं पडदा दोघींकडे वळवला. "ही पट्टी इथपर्यंत येते, आणि इथं संपते. खरं तर हाडापर्यंत जायला पाहिजे. पूर्ण तुटली आहे."

मग तिनं हात दुसऱ्या खांद्यावर ठेवायला लावला, आणि शेवटी बाजूनं हळूहळू वर उचलायला. रुखमाबाईनं जीव खाऊन उचलला. वीतभर हलला आणि थांबला. डॉक्टरिणीनं स्वतः उचलला तर सरळ वर गेला.

"मी उचलते तेव्हा जातो, कारण सांधा मोकळा आहे. तुम्ही उचलता तेव्हा जात नाही, कारण ओढणारी दोरीच नाही राहिली."

रुखमाबाई पडद्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडातून शब्द आला तो एवढाच, "म्हंजे मी खोटी नाई."

"खोट्या कशाला? एवढं दुखणं घेऊन तुम्ही काम तरी कसं करता?" डॉक्टरीण म्हणाली. "पण उशीर करू नका. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होतं. तुटलेलं टोक आत आकसत जातं. मग ओढूनही येत नाही."

परतीच्या बसमध्ये रुखमाबाई कितीतरी महिन्यांनी हसली. "तू पाह्यलं ना शेवंता? लटारूभाऊले सांग बरं तूच. माह्यावर नाई इस्वास बसाचा त्याईचा." शेवंता खिडकीतून बाहेर बघत होती. "सांगतो," ती म्हणाली.

बातमी मात्र नदीपलीकडून आली. आधी कुजबूज, मग उघड. विहिणीले पोट आहे. विधवा बाई सोनोग्राफीले गेल्ती, विचारलं तं तोंड लपवून राह्यली. आठवडा व्हायच्या आत श्रीहरी आणखी एका म्हाताऱ्याला घेऊन अंगणात येऊन बसला. पाण्याच्या तांब्याला दोघांनी हात लावला नाही.

"खरं का होय ते सांगा बाई. आमाले पोरगा उजवाचा आहे."

"खांद्याची सोनोग्राफी होती भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "रोवणीत पडली होती मी. नस तुटली."

श्रीहरीनं आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग हसला. "खांद्यात का लेकरू रायते बाई?"

म्हातारा खोकेपर्यंत हसला. लटारूही हसला, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या भावाच्या बायकोवर.

दाराआडून उर्वशी म्हणाली, "कागदावर उजवा खांदा लिहून आहे. मी वाचला."

"मोठ्यायच्या मधात पोरीनं बोलू नाई," श्रीहरी म्हणाला. "अन् कागदाचं का? बाहेर बोर्ड लावून रायते, आमी अमुक करत नाई म्हणून. करतेतच ना सारे?"

रुखमाबाईनं मग शेवंताकडे पाहिलं. शेवंता चुलीजवळ उभी होती. "शेवंता होती ना माह्यासंगं. तिनं माहा हात धरला होता. इचारा तिले. सांग वो शेवंता."

सगळ्यांनी शेवंताकडे बघितलं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"मी बाहेर बाकावर बसली होती," ती म्हणाली. "अंदर का झालं, मले का मालूम."

रुखमाबाईला वाटलं तिनं ऐकलं ते चूक. ती पुढं सरकली. "अवो, तू माहा हात धरला! तुले दाखवलं ना तिनं पडद्यावर?"

"बाहेर होती मी, बाई," शेवंता पुन्हा म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

श्रीहरी उठला. सुपारी मोडली हे त्यानं तोंडानं सांगितलंही नाही. जाताना कुंपणाचं फाटक उघडंच टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाईनं शेवंताला बोरिंगवर गाठलं. दुसरं कोणी नव्हतं. शेवंता हापसत राहिली.

"तू अंदर होती."

"होती," शेवंता म्हणाली. "मंग?"

"काऊन असं केलं? उर्वशीनं का बिघडवलं तुहं?"

शेवंतानं घागर उचलून कमरेवर घेतली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना लाज. "तुह्या पोरीले एक गेला तं दुसरा भेटन. तोंड चांगलं आहे तिचं. माह्या पोरीले कोण करते? सांग. आतापरेंत जेवढे आले तेवढे उर्वशीले पाहून गेले. मी कपबशा घासल्या." आणि पाणी हिंदकळू न देता ती निघून गेली.

वनिताचं आदेशशी जमलं ते होळीच्या आधी. श्रीहरीला त्याच घरातली मुलगी करून आपल्या घराचा बोलही राखता आला आणि लटारूनं देण्याघेण्यात हातही सैल सोडला. डोळ्यातल्या फुलाबद्दल कोणी काही बोललं नाही.

त्याच दिवसांत टेंभरीत वडशाच्या मंडळाचं नाटक झालं. झाडीपट्टीतले विनोदी नट गावात उतरले की आधी गावातली खबर काढतात, आणि ती स्टेजवर वापरतात. दुसऱ्या अंकात त्यांच्यातला एक नट खांदा धरून विव्हळत आला. दुसऱ्यानं विचारलं, "का झालं गा?" तो म्हणाला, "खांद्याले डोहाळे लागले!" अख्खा मांडव फुटला. शिट्ट्या थांबेनात, म्हणून त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं. रुखमाबाई बायांच्या बाजूला पोत्यावर बसली होती. तिच्याभोवतीच्या बाया हसता हसता सरकल्या आणि तिच्या चारी बाजूंना मोकळी जागा झाली. तिला गिरजा आठवली, गावातली नवऱ्यानं टाकलेली बाई. तिच्याबद्दल असंच उठलं होतं, तेव्हा बांधीत तिच्या चालण्याची नक्कल रुखमाबाईनंच केली होती, आणि बाया हसून हसून चिखलात बसल्या होत्या. गिरजा ते वर्ष संपायच्या आत गाव सोडून गेली. कुठं गेली, ते रुखमाबाईनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं स्वतःला एकच धीर दिला होता : दिवस जातील, पोट वाढणार नाही, मग लोकांचीच तोंडं बंद होतील. दिवस गेले. पोट वाढलं नाही. तेव्हा लोक म्हणाले, पाडलं.

आता नागपूरचा रस्ताही बंद झाला. ऑपरेशनला जायचं तर दवाखान्यात राहायला हवं, अंगावर पट्टी घेऊन यायला हवं. आणि विधवा बाई नागपूरला राहून आली म्हटल्यावर कशाला राहिली हे गावानं ठरवूनच ठेवलं होतं. उर्वशीसाठी कुठूनतरी स्थळाची चौकशी सुरू होती. ती मोडायला एवढं पुरलं असतं. रुखमाबाई गेली नाही. खांद्यावरचं मांस हळूहळू बसलं, हाड वर दिसू लागलं.

उर्वशीनं एकदाही तिच्यावर अविश्वास दाखवला नाही. एकदा मात्र आईचे केस विंचरता विंचरता ती थांबली आणि म्हणाली, "तू काऊन गेल्ती तिथी?"

"दुखत होतं ना बाई."

"तं दुखू द्याचं होतं," उर्वशी म्हणाली आणि फणी तिच्या मांडीवर टाकून उठून गेली. त्यानंतर रुखमाबाई केस कापून घेऊ लागली.

उर्वशीचं लग्न पुढच्या वर्षी झालं. जिवतीकडच्या डोंगरातला, पहिली बायको मेलेला माणूस, केसांत पांढरे आलेले. त्यानं काही चौकशी केली नाही; त्याला दोन मुलं सांभाळायला बाई हवी होती. धानाच्या चिखलात वाढलेली पोरगी कोरड्या माळावर कापूस वेचायला गेली. वनिता आणि आदेश मात्र सणावाराला अंगणात यायचे. आदेश रुखमाबाईला नमस्कार करायचा, लांबून.

लग्नानंतर दोन वर्षांनी उर्वशीला मुलगा झाला. निरोप आला तशी रुखमाबाई बस बदलत बदलत जिवतीला पोचली. उर्वशी वाळली होती. सवतीची मुलं दारात उभी राहून या नव्या आजीकडे बघत होती, एकानं तर तिच्यासारखा हात लोंबता ठेवून चालून दाखवलं आणि दुसरं हसलं. उर्वशीनं त्यांना दटावलं नाही.

बाळ पाळण्यात होतं. रुखमाबाईनं वाकून डावा हात त्याच्याखाली घातला आणि उजव्यानं आधार द्यायला गेली. उजवा हात अर्ध्यातच राहिला.

"राहू दे आई," उर्वशी म्हणाली. "पाडशील."

उर्वशीनं बाळ उचललं, आणि आईकडे न बघता त्याला पाजायला घेतलं. तिनं ते कोणत्या अर्थानं म्हटलं, ते रुखमाबाईनं विचारलं नाही. ती पाळण्याखालचे ओले दुपट्टे गोळा करून बाहेर घेऊन गेली आणि एका हातानं पिळायला लागली. पिळले जात नव्हते, म्हणून एक टोक पायाखाली धरलं.

पंधरवडा ती तिथं राहिली. सवतीच्या मुलांचं केलं, चूल केली, सरपण आणलं. बाळाला ती खाली बसूनच मांडीवर घ्यायची, तेही उर्वशीनं ठेवलं तर. निघताना जावयानं तिला फाट्यापर्यंत सोडलं. उर्वशी दारापर्यंत आली होती.

टेंभरीला रोवणी लागली होती. पाळी आता दुसरीच बाई चालवत होती, आणि तिनं रुखमाबाईला पऱ्हा खणणाऱ्यांत घेतलं, कारण ते बसून आणि एका हातानंही होतं. कडेला चिखलात बसून ती डाव्या हातानं रोपं उपटायची, जुड्या बांधायची. बांधून झाल्या की फेकणाऱ्या पोरी त्या उचलून न्यायच्या. कोणी मागं पडलं तरी ती काही बोलत नसे. बाया तिच्याशी वाईटही वागत नव्हत्या. भाकरीच्या वेळी तिच्याकडे चटणी सरकवायच्या, आपसात बोलता बोलता.